प्रवासाची जुनी कार्डे बाहेर काढा, शिल्लक पैशांचा हिशेब मागा!
तुळजापूर तालुक्यातील सर्व प्रवाशांना जाहीर आवाहन



आज घरी गेल्यावर एक काम करा. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक ज्या पिशवीत ठेवता ती उघडा आणि प्रवासाची सगळी कार्डे बाजूला काढा. एसटीचे जुने स्मार्ट कार्ड, पुण्यात शिकणाऱ्या लेकराचे मेट्रोचे कार्ड, मुंबईला असताना घेतलेले रेल्वेच्या तिकीट यंत्राचे कार्ड, जे निघेल ते. काहींची मुदत संपली असेल, काहींची संपत आली असेल आणि काहींत थोडेबहुत पैसे पडून असतील. ते पैसे तुम्ही प्रवासासाठी आगाऊ भरलेले आहेत. त्यांचा हिशेब मिळणे हा तुमचा हक्क आहे आणि तो मागण्यासाठीच हे आवाहन.

एसटीच्या कार्डाचे काय झाले?

अणदूर, नळदुर्ग, जळकोट, काटी, सावरगाव, तामलवाडी, मंगरूळ, सलगरा, कुठल्याही गावाचे नाव घ्या. दवाखाना, कॉलेज, कचेरी आणि बाजार यांसाठी आपला आधार लालपरीच. म्हणूनच 2019 साली एसटी महामंडळाने सवलतीच्या प्रवासासाठी स्मार्ट कार्ड आणले, तेव्हा आपल्या आजी-आजोबांनी आगारात रांगा लावल्या. 65 वर्षांवरील प्रवाशांच्या अर्ध्या तिकिटाला त्या वेळी वर्षाकाठी 4,000 किलोमीटरची मर्यादा होती. तो हिशेब कार्डावर राहावा आणि वयाच्या खोट्या दाखल्यांवरचा प्रवास थांबावा, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता.

पुढे कोरोना आला आणि कार्ड काढण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. नंतर 2021-22 चा कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळू लागला आणि त्यासाठी आधारसारखे ओळखपत्र पुरेसे ठरले. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. वाहकाच्या हाती नवी यंत्रे आली आणि क्यूआर कोडवर तिकिटाचे पैसे देता येऊ लागले. या धांदलीत जुने कार्ड मागे पडले. ते जपून ठेवायचे की टाकून द्यायचे, त्यात काही शिल्लक असेल तर ती कुणाकडे मागायची, हे प्रश्न मात्र अनेक घरांत तसेच राहिले आहेत.

नियम काय सांगतो, तो समजून घ्या

प्रत्येक कार्डाला एकच नियम लागू होत नाही. गोंधळ इथेच होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बँक किंवा परवानाधारक कंपनीने दिलेल्या, आगाऊ पैसे भरून वापरायच्या कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने 27 ऑगस्ट 2021 रोजी एकत्रित निर्देश काढले. शेवटचे पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष कार्ड चालले पाहिजे. मुदत संपण्याआधीच्या 45 दिवसांत ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, तीही त्याने कार्ड घेताना सांगितलेल्या भाषेत. मुदत संपली तरी बिगरबँक कंपनीला ती शिल्लक निदान तीन वर्षे आपल्या नफ्यात ओढता येत नाही. ग्राहकाने मुदतीनंतर कधीही मागणी केली, तर पैसे त्याच्या बँक खात्यात द्यावे लागतात.

केवळ सार्वजनिक वाहतुकीसाठी, केवायसी न करता मिळणाऱ्या कार्डांचे गणित वेगळे आहे. 23 फेब्रुवारी 2024 च्या बदलानुसार त्यांत एका वेळी 3,000 रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि त्यांची मुदत कायमची असू शकते. पण त्यांतून रोख काढता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत आणि दुसरीकडे वळवताही येत नाहीत. अशा कार्डातली रक्कम प्रवास करूनच संपवावी लागते. पुण्याहून कायमचे गावी परतणाऱ्या मुलामुलींनी हे आधीच लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार म्हणजे फक्त स्वतःच्याच सेवेसाठी एखाद्या संस्थेने काढलेले कार्ड. असे बंदिस्त कार्ड रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत बसत नाही. तिथे त्या संस्थेचा स्वतःचा नियमच चालतो. म्हणून तो नियम लेखी आणि मराठीत असणे, आणि स्टँडवर सगळ्यांना दिसेल असा लावलेला असणे फार गरजेचे आहे. किराणा दुकानात आगाऊ ठेवलेले पैसे दुकानदाराने वही बदलली म्हणून बुडत नाहीत. जुन्या वहीतली जमा नव्या वहीत उतरते. कार्ड बदलतानाही हाच न्याय हवा.

आता करायची कामे

1. कार्डावर छापलेली मुदत पाहा. महिना आणि वर्ष एका कागदावर उतरवून ठेवा. कार्डाचा क्रमांकही लिहा, कारण घासून अंक पुसले जातात. कार्ड आणि पिन मात्र कुणाच्याही हाती देऊ नका.

2. मेट्रोच्या एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी) कार्डात दोन शिलकी असू शकतात, एक खात्यावर आणि दुसरी कार्डाच्या चिपवर. मोबाईलवरून भरलेले पैसे कार्ड यंत्राला लावून चिपवर उतरवावे लागतात. तोवर स्टेशनच्या दारात कार्ड चालत नाही आणि पैसे गेले असे वाटते. स्टेशनवरच्या खिडकीवर दोन्ही रकमा विचारा.

3. रेल्वेच्या कार्डाची मुदत आणि शिल्लक तिकीट खिडकीवर विचारा. सोलापूरला जाल तेव्हा कार्ड बरोबर न्या.

4. एसटीच्या जुन्या कार्डाबाबत तुळजापूर आगारात लेखी अर्ज द्या. कार्ड क्रमांक, काढल्याचे साल आणि भरलेली रक्कम लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

5. महामंडळाने 15 जुलै 2024 पासून ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला. त्यात सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक ठरलेल्या आगारात बसून प्रवाशांचे म्हणणे ऐकतात. तुळजापूर आगाराची पाळी कधी आहे ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी गावातून चार-पाच जण मिळून जा.

6. कार्ड बँकेचे किंवा कंपनीचे असेल तर आधी त्यांच्याकडेच तक्रार करा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

7. ‘केवायसी संपली, ओटीपी सांगा, कार्डातले पैसे परत देतो’ असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. चाळीस रुपयांच्या आशेने खाते रिकामे व्हायला नको. फसवणूक झालीच तर 1930 वर तत्काळ कळवा.

महामंडळाला आणि आगाराला विनंती

आगारातले वाहक, चालक आणि वाहतूक नियंत्रक आपलेच लोक आहेत. खिडकीवर त्यांच्याशी वाद घालू नका. नियम त्यांनी ठरवलेले नाहीत. मागणी विभागीय कार्यालयाकडे आणि मुंबईच्या मुख्यालयाकडे करायची आहे, ती अशी:

जुन्या स्मार्ट कार्डात कुणाची रक्कम शिल्लक असल्यास ती परत देण्याची किंवा नव्या कार्डात वळवण्याची पद्धत जाहीर करावी. यापुढे कोणतेही कार्ड आणताना मुदत किती, शिलकीचे काय आणि कार्ड हरवले तर काय, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. कार्ड बंद करायचे झाले तर स्टँडच्या ध्वनिक्षेपकावरून रोज सूचना द्यावी. गाडीत पत्रक लावावे. मुक्कामी गाडीच्या वाहकाकरवी ग्रामपंचायतीला नोटीस पोहोचवावी, कारण ज्या आजीकडे मोबाईल नाही तिला एसएमएस पोहोचणारच नाही.

ही मागणी अवाजवी नाही. लंडनच्या ऑयस्टर कार्डातली भरलेली रक्कम मुदतबाह्य होत नाही. मेलबर्नचे मायकी कार्ड चार वर्षांनी संपते, पण शिल्लक नव्या कार्डात जाते. सिंगापूरने जानेवारी 2024 मध्ये जुनी कार्डे बंद करण्याचे जाहीर केले. नव्या पद्धतीत दारावर शिल्लक दिसत नाही, अशी लोकांची तक्रार होती. ती इतकी वाढली की त्याच महिन्याच्या 22 तारखेला सरकारने निर्णय फिरवला आणि जुनी पद्धत चालू ठेवण्यासाठी 4 कोटी सिंगापूर डॉलर बाजूला काढले. लोक एकत्र बोलले, म्हणून हे झाले.

तरुणांनो, हे काम तुमचे

प्रत्येक गावातल्या दोघा-तिघा कॉलेजच्या मुलामुलींनी आपल्या वस्तीवरच्या ज्येष्ठांची कार्डे पाहून यादी करावी आणि अर्ज लिहून द्यावेत. एकाने माहितीचा अधिकार वापरावा. दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर धाराशिव विभागीय कार्यालयाला चार गोष्टी विचाराव्यात: विभागात किती स्मार्ट कार्डे दिली गेली, त्यांत किती रक्कम भरली गेली, किती वापराविना राहिली आणि ती सध्या कुठे जमा आहे. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ते उत्तर येत्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचावे आणि शिल्लक परत मिळावी असा ठराव मांडून त्याची प्रत आगाराला द्यावी.

एका घराचे चाळीस-पन्नास रुपये कुणाला किरकोळ वाटतील. अर्ध्या तिकिटाच्या हिशेबाने घराबाहेर पडणाऱ्या बाईला ते किरकोळ नाहीत. आणि गावोगावचे असे पैसे एकत्र धरले, तर ती रक्कम बिनहिशेबी ठेवायला कुणीच तयार होणार नाही. नवे कार्ड आले तर आपण आनंदाने घेऊ; मात्र त्याआधी जुन्याचा हिशेब लेखी मागू. आपला अर्ज या आठवड्यातच आगारात द्या आणि शेजारच्या घरालाही सांगा.

आई राजा उदो उदो!

आपला नम्र,
एक एसटी प्रवासी, तुळजापूर