पत्त्यावरची कविता

यंदा आमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी पत्त्यांचा एक नवाच जोड येऊन बसला आहे. भाचीने आणला. याला टॅरो म्हणतात, आणि या जोडातल्या प्रत्येक पत्त्यावर कुणा इंग्रज कवीची एक ओळ आहे. मनात प्रश्न धरायचा, पत्ता उचलायचा, आणि ओळीवरून आपले उत्तर आपणच शोधायचे!

मराठीच्या प्राध्यापकाने खरे म्हणजे नाक मुरडायला हवे. पण टॅरो 15व्या शतकात इटलीत जन्मला तो निव्वळ खेळ म्हणून. त्या 78 पत्त्यांत भविष्य दिसू लागले ते 18व्या शतकातल्या फ्रेंचांना. आणि कवितेला कौल लावणे आपल्याला कुठे नवे आहे? इराणात घरोघर हाफिजचा दिवान उघडून पाहतात. आपल्या रामशलाकेत 225 घरे. डोळे मिटून बोट ठेवायचे, तिथून दर नववे अक्षर टिपत गेले की तुलसीदासांची एक चौपाई हाती येते. चौपाया नऊच, आणि सगळ्याच काही गोड बोलत नाहीत. मला हे फार आवडते.

म्हणून मी चाळीस कोऱ्या पोस्टकार्डांवर मराठी जोड लिहून काढला. तुकोबा, जनाबाई, केशवसुत, इंदिरा संत. आणि मर्ढेकर हवेतच, नुसत्या चांदण्याच्या ओळी काय कामाच्या? नियम एकच : ‘कधी होईल?’ असे विचारायचे नाही.

यातला सर्वांत तिखट पत्ता बहिणाबाई चौधरींचा. तिशीत वैधव्य आलेल्या या बाईची गाणी पुस्तकरूपाने आली ती 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांतल्या एका गाण्यात त्या ज्योतिषालाच दारी येऊ नको म्हणून सांगतात. भविष्याच्या जोडात असा पत्ता!

आणि नेमका तोच आमच्या मासळीवाल्या मावशींनी उचलला. आमचे दिवाळे हे बेलापूरजवळचे, खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. (नावावरचे सगळे विनोद आम्ही ऐकून झाले आहेत.) मावशींचे यजमान गेल्याला दोन वर्षे झाली. मुलगा ऑफिसात चिकटला. होडी विकून टाक म्हणून मागे लागला आहे. मावशींचा जीव होत नाही, आणि होडी नुसती उभी ठेवणे परवडतही नाही.

मी गाणे वाचून दाखवले. खानदेशी बोली, पण एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही.

“मास्तर, हिला पोर होतं?”

“होती, मुले होती.”

“मग तिनं कुणाला विचारलं?”

याचे उत्तर माझ्या कुठल्याही पत्त्यावर नव्हते. मावशींनी गाणे पुन्हा एकदा वाचायला लावले, सुरमईचे पैसे मोजून घेतले आणि टोपली उचलली.

परवा त्या धक्क्याकडे जाताना दिसल्या, तेव्हा टोपलीत निळ्या रंगाचा डबा होता. होडीला रंग विकण्याआधीही देतात आणि पाण्यात लोटण्याआधीही. मी विचारले नाही.