शेजारी निवडता येत नाही

ऑक्टोबर 2025मध्ये पूर्व तिमोर ‘आसियान’चा अकरावा सदस्य झाला. एकेकाळी गोव्यातून कारभार चालणारी ही पोर्तुगीज वसाहत 1975मध्ये यादवीत सापडली आणि त्याच वर्षी इंडोनेशियाने ती गिळली. 1999च्या सार्वमतात सुमारे 78 टक्के लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, तेव्हा इंडोनेशियन लष्कराच्या पाठबळावर सशस्त्र टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली. तरीही, इंडोनेशियाच्या तुरुंगात वर्षे काढलेले शनाना गुस्माव 2002मध्ये स्वतंत्र देशाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी जकार्ताकडेच मैत्रीचा हात पुढे केला.

ही शरणागती नव्हती, दूरदृष्टी होती. पण घरात एकोपा टिकला नाही: 2006मध्ये बडतर्फ सैनिकांच्या प्रश्नावरून राजधानी दिलीत पुन्हा रक्त सांडले आणि परकी फौज बोलवावी लागली. घरात एकोपा नसेल, तर बाहेर शब्दाला वजन राहत नाही, हा त्याचा धडा. त्यातून सावरलेल्या या देशाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार सलोखा प्रक्रियेत आणले आणि 2018मध्ये सागरी सीमेचा करार पदरात पाडून घेतला. लहान देशाची खरी ढाल कायदाच.

मात्र इंडोनेशियाशी केलेल्या मैत्रीची किंमत पीडितांनी मोजली. उभय देशांच्या संयुक्त आयोगाने 2008मध्ये इंडोनेशियन लष्करावर अत्याचारांची जबाबदारी ठेवली, पण खटले भरण्याचा अधिकार त्याला नव्हताच. समेट हवाच, पण ज्यांची माणसे गेली, त्यांना न्याय मिळेपर्यंत तो अपुराच आहे, असे आम्ही ठामपणे मानतो.