जेलीफिश आणि हरवलेले 'जणू'

गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यात बुडी मारून केलेली जेलीफिशची चित्रणे आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. त्यांतल्या कितीतरी चित्रणांच्या निवेदनात एक शब्द ठरल्यासारखा येतो : 'परग्रहवासी'. काळ्या पाण्यातून तांबूस घंटेसारखे काही वर येते, संथ संगीत सुरू होते आणि निवेदक खालच्या पट्टीत सांगतो की, हा जीव आपल्या जगातला नाहीच. या शब्दाला आपण इतके सरावलो आहोत की तो आपल्याला कौतुकाचा वाटतो. माझे म्हणणे असे की, हा शब्द म्हणजे पाहण्याचे काम अर्ध्यावर टाकून दिल्याची खूण आहे. आणि भाषेशी ज्यांचा व्यवसाय म्हणून संबंध येतो, त्यांनी तरी ती निमूटपणे स्वीकारू नये.

अलंकार शिकवताना आपण पहिल्याच तासाला सांगतो की, उपमान हे उपमेयापेक्षा अधिक प्रसिद्ध असावे लागते. मुखाला चंद्राची उपमा देता येते, कारण चंद्र सर्वांनी पाहिलेला असतो. येथे काय घडते? उपमेय पडद्यावर, डोळ्यांसमोर आहे. उपमान मात्र आजवर एकाही माणसाने पाहिलेले नाही. दिसणाऱ्याचे वर्णन न दिसलेल्याच्या आधाराने करायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे. बरे, परग्रहवासीयाचे आपल्या मनातले चित्र तरी आले कोठून? एच. जी. वेल्सने १८९८ सालच्या आपल्या कादंबरीत मंगळवासीयांना लवलवते संस्पर्शक दिले, ते काही त्याने मंगळावर जाऊन पाहिले नव्हते. असले अवयव समुद्रातल्या प्राण्यांना असतात. म्हणजे समुद्राकडून रूप उसने घ्यायचे, ते परग्रहाला बहाल करायचे आणि मग त्याच रूपाच्या जोरावर समुद्रातल्या जीवाला त्याच्या स्वतःच्या घरात परका ठरवायचे!

या परंपरेतील सर्वांत समर्थ कलाकृती कोणती, असे विचारले तर वेर्नर हेर्झोग यांच्या 'द वाइल्ड ब्ल्यू यॉन्डर' (२००५) या चित्रपटाचे नाव घ्यावे लागेल. संगीतकार आणि पाणबुड्या हेन्री कायझर यांनी अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली केलेले चित्रण हेर्झोग यांनी त्यात वापरले आणि ते पृथ्वीवरचे नाहीच, असे जाहीर केले. माथ्यावरचे बर्फ हे त्या ग्रहाचे गोठलेले आकाश. पाणी हे तिथले द्रवरूप हेलियमचे वातावरण. पाणबुडे हे अंतराळवीर. आणि तरंगत जाणाऱ्या जेलीफिश हे तिथले रहिवासी. आपल्या परिभाषेत ही सरळसरळ अपह्नुती आहे : हे पाणी नव्हेच, हा परग्रहच होय. उपमेयाचा निषेध आणि उपमानाची स्थापना.

हेर्झोग यांच्याशी माझे भांडण आहे, पण ते मर्यादित आहे. आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरते ठाऊक आहे. चित्रपटाला त्यांनी विज्ञानकल्पिका असे उघड नाव दिले आहे, आणि १९९९ मध्ये मिनिआपोलिस येथे केलेल्या जाहीरनाम्यात 'हिशेबनिसांच्या सत्या'ची टर उडवून कल्पनेतून गवसणाऱ्या उत्कट सत्याची बाजू घेतली आहे. कवीने अपह्नुती वापरली म्हणून कोणी त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही. माहितीपटाच्या निवेदकाची गोष्ट वेगळी. 'जणू परग्रहावरून आला आहे' ही उत्प्रेक्षा झाली. 'समुद्रातला परग्रहवासी' हे रूपक झाले. 'हा या जगातला नाहीच' ही अपह्नुती झाली. एवढा प्रवास तो दोन वाक्यांत उरकतो आणि तरीही सत्यकथनाचा अधिकार सोडत नाही. 'जणू' हा लहानसा शब्द वाचकाशी केलेला करार असतो : मी कल्पना करतो आहे, तू सावध रहा. तो शब्द गाळला की करार मोडतो.

आता या शब्दामुळे आपण काय पाहायचे राहून जातो ते पाहू. त्यासाठी अंटार्क्टिकाहून उत्तर गोलार्धात, नॉर्वेच्या किनाऱ्यावर जाऊ. बर्गनच्या उत्तरेस लुरेफ्योर्ड नावाची खाडी आहे. ती ४०० मीटरांहून अधिक खोल आहे, पण तिच्या तोंडाशी असलेला उंबरठा जेमतेम २० मीटर खोलीवर आहे. या खाडीत गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'पेरिफिला पेरिफिला' ही खोल समुद्रातील जेलीफिश प्रचंड संख्येने नांदते आहे. दिवसा ती खोल अंधारात राहते आणि हिवाळ्यातल्या लांब रात्री थेट पृष्ठभागापर्यंत वर येते. यंत्रमानवी पाणबुडीवाचून जिची भेट एरवी अशक्यप्राय, ती खोल समुद्रातली जेलीफिश अशा रात्री थंड पाण्यात उतरलेल्या माणसाला हाताच्या अंतरावर भेटू शकते.

या जीवाला परग्रहवासी म्हणावे असे त्यात काय आहे? त्याची शास्त्रीय नोंद १८१० सालची, म्हणजे दोन शतकांपूर्वीची. त्याला बारा संस्पर्शक असतात. बहुतेक परिचित जेलीफिशच्या जीवनक्रमात तळाला चिकटून राहणारी 'पॉलिप' अवस्था असते. हिच्यात ती नाही, अंड्यातून थेट जेलीफिशच वाढते. जगातील बहुतेक महासागरांच्या खोल थरांत तिचा वावर आहे, म्हणजे ती आपली शेजारीणच म्हणायची. लुरेफ्योर्डमध्येच तिची एवढी भरभराट का, याचे बर्गनच्या संशोधकांनी मांडलेले स्पष्टीकरण तर विशेष मननीय आहे. त्या खाडीचे पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा प्रकाश अधिक शोषून घेते. डोळ्यांनी पाहून भक्ष्य टिपणाऱ्या माशांची त्यामुळे अडचण होते; स्पर्शाने भक्ष्य पकडणाऱ्या या जीवाची होत नाही. अंधार येथे उणीव नसून निवासाची अट आहे. अंधार म्हणजे अज्ञान, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेल्या आपल्यासारख्या साहित्याच्या माणसांना एवढे एक वाक्य अंतर्मुख करायला पुरेसे आहे. 'परग्रहवासी' म्हटले की हा सगळा विचार करण्याची गरजच उरत नाही.

रंगाचेही तसेच. चित्रणात ही जेलीफिश गर्द लाल दिसते आणि त्या लालीवर निवेदक विशेषणांची खैरात करतो. पण लाल प्रकाश समुद्राच्या वरच्या थरांतच शोषला जातो. तो खोलवर पोचत नाही. जिथे ही जेलीफिश दिवस काढते तिथे तिचा लाल रंग काळाच असतो, आणि बहुधा त्यामुळेच तिने गिळलेल्या स्वयंप्रकाशी भक्ष्याचा उजेड बाहेर फुटत नाही. पडद्यावरची लाली आपल्या दिव्याने निर्माण केलेली आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की, तिच्या शरीरातील पॉर्फिरिन वर्गाचे हे रंगद्रव्य प्रकाशात विघटित होते आणि त्याचा परिणाम तिला घातक ठरतो. क्षणभराच्या दिव्याने ती मरते असे मला म्हणायचे नाही. पण जिला उजेड मानवत नाही तिला उजेडात धरूनच आपण पाहू शकतो, ही या चित्रणातील मूळची नैतिक अडचण आहे. ज्या निवेदनात ही अडचण येत नाही, ते कितीही रसाळ असले तरी अपुरे आहे.

तसाच गाळला जातो तो चित्रण करणारा माणूस. शून्याच्या आसपासच्या पाण्यात जाड हातमोज्यांतून कॅमेऱ्याची कळ बोटांना लागत नाही; ओठ बधिर होतात; श्वासयंत्राची झडप गोठून हवा अनावर सुटण्याची धास्ती असते. पारदर्शक देहावर कॅमेऱ्याची नजर ठरत नाही. दिवा समोरून धरला तर पाण्यातले कणच झगमगतात, म्हणून तो बाजूने धरावा लागतो. म्हणजे आपण पाहतो ते प्रत्येक दृश्य कोणीतरी, कोठेतरी उभे राहून, काहीतरी सोसून आणि काहीतरी ठरवून घडवलेले असते. कथनमीमांसेत आपण निवेदकाचे स्थान विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकत नाही. मग येथेच का विचारत नाही? दिवा, थंडी आणि देह वगळले की उरते ते कोणीच न पाहिलेले दृश्य. आणि असे दृश्य साहजिकच परग्रहावरचे वाटते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. लोकांचे लक्ष वेधायचे तर असे शब्द लागतात. विस्मय वाटला तरच आस्था वाटेल. रुक्ष तपशील कोण ऐकणार? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यामागची विस्मयाची कल्पना दरिद्री आहे. अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय हे खरे. परंतु जो विस्मय पुढचा प्रश्न विचारू देत नाही, तो रसपरिपोष करत नाही, रसभंग करतो. फ्रेंच चित्रपटकार झाँ पँलवे यांनी जनव्ह्येव्ह आमाँ यांच्यासह १९६० मध्ये केलेल्या लघुपटाचे नावच मुळी 'जेलीफिश कशा जन्मतात' असे आहे. त्या 'कशा'मध्ये जेवढे कुतूहल आहे, तेवढे 'परग्रहवासी'च्या शंभर उच्चारांत नाही.

शिवाय शब्दांना परिणाम असतात. भारताने २०२१ मध्ये खोल समुद्राच्या शोधासाठी 'डीप ओशन मिशन' मंजूर केले. मध्य हिंदी महासागराच्या तळावरील बहुधातवीय गोळ्यांच्या शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र आपल्या देशाकडे आहे. त्या तळाचे आणि त्यावरच्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न आज ना उद्या सर्वांच्या पुढ्यात येणार आहे, आणि त्याची चर्चा मराठीतही होणार आहे. जो या जगातलाच नाही, त्याच्या घराची चौकशी कोण करणार? परक्याबद्दल नवल वाटते, भीती वाटते. त्याच्याविषयी कर्तव्य मात्र वाटत नाही. एखाद्याला परका ठरवणे ही त्याची वस्ती उठवण्याची पूर्वतयारी असते, हे माणसांच्या इतिहासात आपण पुरेसे पाहिले आहे.

म्हणून मागणी साधी आहे. रूपके जरूर वापरावीत, पण ती वापरताना 'जणू' जागेवर ठेवावा. दिवा कोणाचा आहे ते सांगावे. आणि अंधारात राहणाऱ्याला अंधाराचा रहिवासी म्हणावे. तो पृथ्वीचाच रहिवासी आहे, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जुना.