प्रवाळांचे धनी कोण?

प्रवास सवलतीचा अर्ज भरणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाच्या मनात लक्षद्वीपला अलीकडेच जागा मिळाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची तेथील सागरतळ न्याहाळतानाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि तोवर भूगोलाच्या पुस्तकातच भेटणारी ही बेटे एकाएकी सहलींच्या जाहिरातींत अवतरली. पाठीवर हवेची टाकी बांधून कदमत वा बंगारामच्या पाण्यात उतरावे, रंगीत मासे पाहावेत, संध्याकाळी किनाऱ्यावर लोकनृत्य पाहावे आणि ‘स्थानिक संस्कृतीचा परिचय’ झाला असे मानून परतावे, असा हा कार्यक्रम. त्यातील पहिल्या भागाबद्दल आमची तक्रार नाही. समुद्राखालचे विश्व एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला ते नष्ट होऊ नये असे वाटू लागते, हा लाभ थोडा नव्हे. तक्रार आहे ती संस्कृतीला तासाभराच्या करमणुकीत बसविण्याबद्दल. या बेटांची संस्कृती नृत्यात जेवढी आहे त्याहून अधिक ती त्या पाण्याखालीच आहे, आणि पाहुणा तिच्यावरून पोहत जाऊनही तिला ओळखत नाही.

लक्षद्वीपची जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. प्रवाळभित्तीच्या आतले उथळ, शांत पाणी, ज्याला भूगोलात खारकच्छ म्हणतात, ते मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. बेटवासीयांचे शेत, कोठार आणि कुंपण हेच आहे. त्यांचा मुख्य व्यवसाय कुप्याच्या म्हणजेच ट्यूनाच्या मासेमारीचा. मिनिकॉयचे कोळी ही मासेमारी पिढ्यानपिढ्या जाळ्याने नव्हे, तर काठीला लावलेल्या गळाने करीत आले आहेत. त्यासाठी प्रथम खारकच्छातून बारीक मासे जिवंत पकडायचे, ते नावेतील पाण्याच्या हौद्यात जगवत खोल समुद्रात न्यायचे आणि कुप्यांचा थवा दिसला की मूठमूठ फेकायचे. थवा खवळून नावेपाशी आला म्हणजे गळाला लागलेला एकेक मासा काठीच्या हिसक्यासरशी नावेत येऊन पडतो. गळाला उलटा दात नसल्याने तो आपोआप सुटतो. आमिषाचे ते बारीक मासे वाढतात प्रवाळांच्या आश्रयाने. पाणबुड्या ज्यांची छायाचित्रे घेतो, त्यांत कोणाच्या तरी उद्याच्या मिळकतीचे भांडवल असते.

जमिनीवरची व्यवस्थाही जाणून घेण्याजोगी आहे. येथील बहुतेक सर्व लोक मुसलमान, तरीही वंश आणि वडिलोपार्जित मिळकत आईकडून चालत येते. या सामाईक मिळकतीला ‘शुक्रवारची’ आणि स्वकष्टार्जित मिळकतीला ‘सोमवारची’ म्हणण्याची तेथे रीत आहे. शुक्रवारची मिळकत एकट्याने मोडून खायची नसते. प्रवाळभित्तीही अशीच शुक्रवारची मिळकत आहे असे म्हटले, तर ते त्या लोकांना समजावून सांगावे लागणार नाही. समजावयाचे आहे ते पाहुण्यांना.

ही मिळकत आज झपाट्याने झिजते आहे. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये येथील प्रवाळ पांढरे पडले. आगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील दीर्घकालीन पाहणीनुसार, १९९८ पासूनच्या सुमारे पाव शतकात जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले. याचा दोष पर्यटकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि दोन आघातांच्या मधल्या काळात प्रवाळ सावरतात ते त्यांना उसंत मिळाली तरच, आणि नेमकी ही उसंत धक्के, सांडपाणी व गर्दी हिरावून घेतात. शिवाय बेटावरचे गोडे पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर; उपसा वाढला की विहिरी खारावतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या वर होती आणि तिलाही हे पाणी पुरत नसल्याने २००५ मध्ये कवरत्तीत समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारावा लागला. मग शॉवर आणि पोहण्याचे तलाव असलेल्या हॉटेलांचे पाणी कोठून येणार, हा प्रश्न खोल्यांचा आकडा ठरविण्यापूर्वी विचारावयास हवा.

तो विचारण्याचा अधिकार कोणाचा, यावरूनच २०२१ मध्ये वादळ उठले. जमिनीच्या वापराबाबत विस्तृत अधिकार प्रशासनाला देणाऱ्या विकास प्राधिकरणाच्या मसुद्याविरुद्ध बेटवासीय उभे राहिले, आणि मुख्य भूमीवरच्या अनेकांना त्यात केवळ विकासाला विरोध दिसला. वस्तुतः पर्यटनाला त्यांचा सरसकट नकार नव्हता. पाहुणे किती, कोणत्या बेटावर आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे ठरविताना आमच्या पंचायतींना विचारा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते मान्य करण्यात सरकारचे काय बिघडते, हे आम्हास अद्याप उमगलेले नाही.

बाहेरच्या माणसाला या बेटांवर जाण्यास १९६७ च्या नियमांन्वये परवाना लागतो. ही अट अनेकांना जाचक वाटते. आमच्या मते ती राहावी. उलट परवाना देताना त्या बेटाच्या विहिरींची आणि प्रवाळांची त्या वर्षाची स्थिती पाहण्याची जोड तिला द्यावी. त्यामुळे एखाद्या हंगामात अर्ज नामंजूर झाला, तर अर्जदाराने पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.