पुन्हा जंजिऱ्यालाच

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यांआडून एकच विषय चालतो. यंदा कुठे? कोणी मनाली म्हणतो, कोणी केरळ. एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर यंदा चक्क कॅरिबियन बेटांची जाहिरात आली होती. निळे पाणी, पांढरी वाळू आणि खाली हप्त्यांची सोय. आमची पाळी आली की उत्तर सगळ्यांना पाठ असते. "जंजिरा? परत?" होय, परत. गेल्या वर्षीची आमची पाचवी खेप होती.

जाहिरातीतल्या त्या बेटांना उर्दूत फार देखणे नाव आहे : जजाइर गरबुल हिंद, म्हणजे हिंदच्या पश्चिमेची बेटे. जजीरा म्हणजे बेट आणि जजाइर हे त्याचे अनेकवचन. आपल्या कोकणी जिभेवर त्याच जजीऱ्याचा जंजिरा झाला. म्हणून 'जंजिरा बेट' म्हणणे म्हणजे 'बेट बेट' म्हणण्यासारखे आहे, पण आता ते रूढ झाले. 'अल् जझीरा' हे वृत्तवाहिनीचे नाव आणि अल्जीरिया हे देशाचे नाव, दोन्ही याच शब्दाची भावंडे. पाचवीच्या वर्गात वाहिद-जमा शिकवताना हे उदाहरण दिले की मुले विसरत नाहीत.

आमचे घर शहापूरला आणि मुलांचे आजोळ मुरबाडला. त्यामुळे रस्ता ठरलेला असतो. मुरबाडहून अम्मींना घ्यायचे, पुढे कर्जत, खोपोली, पेण, अलिबाग आणि मग रेवदंड्याची खाडी ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड. दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. सकाळी फजर पढून निघालो तर थांबत थांबत जोहरपर्यंत पोहोचतो. आम्ही शाफई असल्याने तीन दिवसांच्या अशा सफरीत कसर आणि जमा दोन्हींची सवलत मिळते. लहान मुले आणि गुडघ्यांचे दुखणे असलेली अम्मी बरोबर असली की तिची किंमत कळते.

वाटेत कोर्लई लागते. तिथे आम्ही नेहमी चहाला थांबतो, कारण भाषा शिकवणाऱ्याला त्या गावावरून नुसते पुढे जाववत नाही. पोर्तुगीजांनी सोडलेल्या त्या किनाऱ्यावर काही कॅथलिक कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून तयार झालेली बोली बोलतात. राज्य गेले, फौज गेली, बोली मात्र चुलीपाशी टिकली.

मुरूडला आम्ही मोठ्या हॉटेलात उतरत नाही. गावात घरगुती सोय होते, तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधातले मासळीचे सालन मिळते, आणि घरातल्या बायका अम्मीशी तासभर बोलतात. खर्चही शिक्षकाच्या खिशाला झेपतो. पण जायचे तर दिवाळीनंतर जा. मे महिन्यात उन्हाने दगड तापतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने किल्ल्यावरच्या होड्या बंदच असतात. शनिवार-रविवारही टाळता आला तर बघा. गर्दीत होडी भरते खरी, पण किल्ला रिकामा मिळत नाही.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. दूरून किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही. तटच तट. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या आडोशाला तो एकदम उघडतो. दर खेपेला माहीत असूनही धाकटा उभा राहतो आणि तांडेलाकडून ओरडा खातो. दरवाजावर दगडात एक वाघासारखा प्राणी कोरला आहे. त्याने पंजांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. आत गेल्यावर कलालबांगडी तोफ, पडझड झालेला कित्येक मजली वाडा, मशीद, पीर पंचायतन, आणि भिंतींत शिरलेली वडा-पिंपळाची मुळे. बेट काही फार मोठे नाही. बावीस एकरांत सगळे आले.

आणि दोन तळी. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याची दोन मोठी बांधीव तळी. आज त्यांचे पाणी हिरवे पडले आहे, तोंडात घेण्यासारखे राहिलेले नाही. पण शेकडो माणसे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगली. अम्मी पहिल्या खेपेला तिथे बराच वेळ बसून होत्या. म्हणाल्या, "इथे खाऱ्या समुद्रात गोडं पाणी, आणि आपल्याकडे उशाला धरण नि दारात टँकर." तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते, आणि एप्रिल उजाडला की शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. या गोष्टीवर आमच्याकडे वेगळे भाष्य करायची गरज पडत नाही.

आता मुद्द्याचे. होडीत वाटाड्या असतो आणि त्याची गोष्ट ठरलेली असते. कोळ्यांचा पाटील, त्याने बांधलेला लाकडी मेढेकोट, व्यापाऱ्याच्या वेशात पिंपांत माणसे लपवून आलेला सिद्दी, मग दगडी किल्ला, आणि कोणालाही न जिंकता आलेला जंजिरा. वीस मिनिटांत बसेल अशी गोष्ट. तिच्यात एक बाजू आपली आणि एक परक्यांची. गोष्ट रंगात आली की होडीतल्या काही नजरा नकळत अम्मीच्या बुरख्याकडे वळतात. कोणाच्या मनात वाईट असतेच असे नाही. गेल्या वर्षी एक गृहस्थ तर अगदी प्रेमाने म्हणाले, "मावशी, हा तर तुमच्याच लोकांचा किल्ला."

अम्मी हसल्या. उत्तर थोरलीने दिले. ती नववीत आहे. "नाही काका, आमचा किल्ला माहुली. घराच्या गच्चीवरून दिसतो."

होडीत हशा झाला आणि विषय तिथेच मिटला. पण तिने उत्तर फेकायचे म्हणून फेकले नव्हते. चौथीत 'शिवछत्रपती' शिकलेले आणि सातवीत पुन्हा मराठ्यांचा इतिहास वाचलेले आमचे मूल जंजिऱ्याला पहिल्यांदा आले, तेव्हा रात्री अंथरुणावर तिने विचारले होते, आपण कोणाच्या बाजूचे? हा प्रश्न आपल्यापैकी कित्येक घरांत विचारला जातो. तो दाबून टाकला की मूल त्याचे उत्तर बाहेर कुठेतरी शोधते, आणि बाहेर मिळणारे उत्तर नेहमी वीस मिनिटांत बसणारे असते. म्हणून आम्ही दर खेपेला थोडे थोडे बोलत गेलो. त्याच बेटावर पुन्हा पुन्हा जाण्याचे एक कारण हेही आहे. एका दिवसात एवढे सांगून होत नाही.

सुरुवात माहुलीपासूनच केली. १६३६ मध्ये शहाजीराजे निजामशाहीच्या छोट्या वारसाला घेऊन याच माहुलीवर मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात अडकले होते. बुडणारी निजामशाही तगवण्यासाठी ते लढत होते. ती त्याआधी ज्याने तगवली तो मलिक अंबर हबशी होता. हबशा देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जंजिऱ्याचे सिद्दी हे त्याच निजामशाहीचे, त्याच हबशी बिरादरीचे अंमलदार. म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसणारा डोंगर आणि हे समुद्रातले बेट एके काळी एकाच दौलतीत होते. माहुली पडली, निजामशाही संपली, आणि मग जो तो आपापल्या वाटेने गेला. सिद्दी पुढे आदिलशाहीचे आणि नंतर मोगलांचे झाले.

आणि स्वराज्यात? १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा तो फोडायला महाराजांकडून गेलेल्यांत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा होता. समुद्रावर जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंजणाऱ्या महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. उलट बाजूला पाहा. पेशवा बाळाजी विश्वनाथाचे भट घराणे श्रीवर्धनचे देशमुख होते, ते सिद्दीच्याच मुलखात. बाजू होत्या, आणि त्यांच्यासाठी माणसे मेली. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली होती. मोगल फौज कोकणात उतरली म्हणून ते काम सोडून त्यांना परतावे लागले. सिद्दींनी किनाऱ्यावरच्या गावांना दिलेला त्रासही खोटा नाही. तो मुलांपासून लपवायचा कशाला? फक्त त्या बाजू आडनावांवरून आणि नमाजावरून पडलेल्या नव्हत्या, एवढे त्यांना नावानिशी माहीत असले पाहिजे.

धाकट्याचा प्रश्न वेगळा होता. आफ्रिकेतली माणसे इथे कशी? मग ती कॅरिबियनची जाहिरात कामाला आली. त्याच आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून तिकडच्या उसाच्या मळ्यांवर नेली. इंग्रजांनी १८३४ मध्ये गुलामी बंद केली, तेव्हा मळ्यांना मजूर हवे म्हणून आपल्या देशातली गोरगरीब माणसे करारावर भरून नेली. १८४५ मध्ये त्रिनिदादला लागलेल्या पहिल्या जहाजाचे नाव होते फत्ते रझाक. त्या मजुरांनी तिकडे नेलेला मोहरम आजही 'होसे' या नावाने होतो. हुसैनचेच ते नाव, बोलता बोलता झिजलेले. १८८४ मध्ये त्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. इकडच्या समुद्रातही हबशी विकलेच जात होते आणि गुलामी इकडेही गुलामीच होती. पण इथे काहींना तलवार आणि कारभार मिळाला, आणि एका बेटावर तर त्यांच्या वंशजांनी १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राज्य केले. त्या बेटांवर जायला आमच्याकडे हप्ते भरायची ताकद नाही. पण नकाशावर बोट ठेवून दोन्ही समुद्र मुलांना दाखवता आले.

मुरूड गावाबाहेर नवाबांचा राजवाडा आहे. खासगी आहे, आत सोडत नाहीत. रस्त्यावरूनच बघायचा. तरी आम्ही दरवेळी गाडी थांबवतो, ते आतल्या बायकांसाठी. नवाब सिदी अहमद खान यांची बेगम नाझली ही मुंबईच्या फैजी घराण्याची मुलगी. १९०८ मध्ये ती युरोप फिरून आली आणि तिने उर्दूत 'सैर-ए-यूरोप' लिहिले. तिची बहीण अतिया त्याआधी शिकायला लंडनला गेली होती. तिची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीबे निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात छापून येत होती. अल्लामा इकबालांनी आणि मौलाना शिबलींनी या अतियाला लिहिलेली पत्रे उर्दू अदबात प्रसिद्ध आहेत. शंभर वर्षांपूर्वी आपल्या घरांतल्या बायका प्रवास करत होत्या, लिहीत होत्या, आणि बायकांच्याच मासिकांत-साप्ताहिकांत ते छापले जात होते. बीएडला असताना आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. किल्ल्याच्या वाटाड्याच्या गोष्टीतही त्या नाहीत. त्याला दोष नाही, त्याचे गिऱ्हाईक तोफ बघायला येते.

एक गोष्ट मात्र खटकते. दर खेपेला किल्ला थोडा अधिक ढासळलेला दिसतो आणि पाण्याच्या बाटल्या थोड्या अधिक दिसतात. बुरुजाच्या कमानीत वेफर्सची पाकिटे. एका कमानीवर कोणीतरी बदाम काढून दोन नावे खरडली होती. थोरली म्हणाली, या बेटाला तोफांनी जे झाले नाही ते सहलींनी होणार. आपल्या शाळांच्या सहलीही यात आहेतच. आम्ही आता प्रत्येक मुलाच्या हातात रिकामी पिशवी देतो, आणि परतीच्या होडीत ती भरलेली आहे की नाही ते बघतो.

अम्मी यंदा किल्ल्यावर चढणार नाहीत. होडी दरवाजाला लागते तेव्हा ती लाटेवर हलत असते, आणि नेमका क्षण साधून पायरीवर पाय टाकावा लागतो. खलाशी हात देतात, पण गेल्या वर्षी तो क्षण त्यांना दोनदा हुकला. ज्यांच्या घरात वयस्क माणसे आहेत त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे, आणि ओहोटीला तर जास्तच. त्यांनी स्वतःच सांगून टाकले, "मी राजपुरीला बसेन. तुम्ही या जाऊन. तिथून सगळा दिसतो." राजपुरीच्या धक्क्याजवळ सावलीची जागा आहे आणि तिथल्या कोळणी आता त्यांना ओळखतात. तसबीह आणि पानाचा डबा बरोबर असला की अम्मींचे दोन तास कुठेही जातात.

थोरलीने यंदा वेगळीच मागणी केली आहे. मुरूडच्या समोर समुद्रात पद्मदुर्ग आहे. जंजिऱ्यावर नजर ठेवायला महाराजांनी तो बांधला. तिथल्या होड्या रोजच्या नसतात, भरती-ओहोटी बघून मुरूडच्या कोळीवाड्यात विचारावे लागते. आम्ही पाचही खेपांना तो नुसता लांबून पाहिला. आधी पद्मदुर्ग, मग जंजिरा, असे तिने कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवले आहे. खाली धाकट्याने लिहिले आहे : कोर्लईला चहा नाही, बिस्किटे.