ढ नव्हे, डिस्लेक्सिया

‘मुन्नाभाई’मधले डॉ. अस्थाना आठवतात? ते बोमन इराणी. लहानपणी त्यांना डिस्लेक्सिया होता. पुढे ते ताज हॉटेलात वेटर झाले, मग कित्येक वर्षं आईचं वेफरचं दुकान सांभाळलं. २००३ साली ‘मुन्नाभाई’ आला तेव्हा चाळिशी उलटली होती. आता तर ते पटकथा लिहितात.

डिस्लेक्सियात बुद्धी कमी नसते. अक्षर आणि उच्चार यांची जोडी पटकन लागत नाही. तोंडी विचारलं तर पोरगं चटकन सांगतं, वाचायला दिलं की अडतं.

आपल्या घरांत शिक्षणाला मोल आहे, म्हणून की काय, अशा पोराला टोमणेही जास्त. “बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचायचे, तुला एक पान येईना?” हे बोलणं थांबवा. बाबासाहेबांचं नाव पोराला घाबरवायला नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण धरलेली आहे. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. ठाणे-कल्याणहून लोकलने सायनला उतरा, लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या बालरोग विभागात चौकशी करा. मात्र दहावीची वाट पाहू नका, तिसरी-चौथीतच जा.