मानकरी उतारू आणि त्याची बडदास्त

रविवारी सकाळी गाण्याची शिकवणी आटोपली, की माझे चार विद्यार्थी तंबोऱ्यांना गवसण्या घालतात आणि त्याच बैठकीवर फासे काढून बसतात. फासे म्हटले की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडली होती. पण हा खेळ पैशाचा नव्हे, सोंगांचा आहे. त्याचे नाव ‘ट्रॅव्हलर’. अमेरिकेत मार्क मिलर यांनी तो रचला व १९७७ साली तो प्रसिद्ध झाला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी अंतराळातल्या जहाजावरची माणसे व्हायचे, आणि कथानक बोलता बोलता घडवायचे.

परवा त्यांच्या जहाजावर एक बॅरन चढला. या खेळात पात्राची सामाजिक प्रतिष्ठासुद्धा दोन फाशांवर ठरते. बारा पडले की बॅरन! उंची वर्गाचे भाडे दहा हजार, मध्यम वर्गाचे आठ हजार. आणि एक हजारात माणसाला गोठवून निजवून नेतात, त्यातला एखादा पुन्हा जागा होत नाही. उंची वर्गाचा उतारू आयत्या वेळी आला, तर मध्यम वर्गातल्याला उतरवून त्याची जागा देता येते, असा नियमच आहे. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडची उडी सुमारे आठवड्याची. निरोपही जहाजाबरोबरच जायचा. म्हणून त्या दूरच्या साम्राज्यात जागोजागचा कारभार सरदार-उमरावांच्या हाती राहतो.

मुलांनी बॅरनचे विदूषक केले. जेवण निवले म्हणून तो ओरडे, बिछाना टोचतो म्हणून ओरडे; आणि मुले हसून लोळत. मला मात्र ते पटले नाही. निव्वळ मूर्ख उतारूला फसवण्यात कसला आला पराक्रम?

माझे वडील दरबारात गाऊ लागले तेव्हा त्यांना मिसरूड नुकते फुटले होते. पुढे १९४९ साली बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे ते दिवस मी ऐकूनच जाणतो. ते एका सरदारांची गोष्ट सांगत. तंबोरा केसभर उतरला तरी त्या गृहस्थांच्या ध्यानात येई, आणि गाणे थांबवून तो पुन्हा लावायला लावीत. वडील म्हणत, ‘माझा सूर पक्का झाला तो त्यांच्या धाकाने.’ त्याच सरदारांनी एकदा रात्री दहा वाजता पाहुण्यांच्या हौसेखातर पहाटेचा ललत मागितला. वडील गायले. बिदागी घेऊन घरी आले आणि दोन दिवस तंबोऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

दोन्ही हुकूम एकाच तोंडून, एकाच आवाजात आले होते. त्यांतला कोणता मानायचा हे ओळखणे, यालाच मी चाकरीतली अक्कल म्हणतो. आपण जुनी घराणी दरबाराच्या आठवणी काढतो त्या लोडाला टेकून. समोर गाणाऱ्याच्या बाजूने त्या क्वचितच निघतात.

म्हणून मी सूत्रधाराला इतकेच सुचवले, की बॅरनची एक मागणी अगदी रास्त ठेव आणि एक अगदी गैर. मात्र दोन्ही सारख्याच रुबाबात मागू दे. पुढच्या रविवारी बॅरनने जहाजाच्या स्वच्छतेत खोट काढली, आणि ती खरी निघाली. मग आपल्या सामानासाठी त्याने एका म्हाताऱ्या उतारूची खोली मागितली. जहाज सुटून आठवड्याच्या उडीत शिरले होते. कोणाला कोठे उतरवायची सोय नव्हती.

बडदास्त ठेवणारा मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सरकार, जमीन पुन्हा पुसून घेतो. खोली मिळणार नाही.’

त्या दिवशी कोणी हसले नाही. आणि मुले फासे घेऊन बसली की माझ्या कपाळाला आता आठी पडत नाही.